पोहोचले की फोन करीन

पुणे, रविवार

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या नव्या खोलीच्या मालकीणबाईंना तू पाठवलेल्या निरोपाची हकिगत वाचून तुझी आई पोट धरून हसली. मला मात्र हसता हसता थोडी लाजही वाटली, कारण तुला घरी फ्रेंच शिकवताना ‘हे पुढे बघू’ म्हणून मी जो धडा सोडून दिला होता, नेमका तोच तुला तिथे आडवा आला. तुला सांगायचे होते एवढेच, की पोहोचले की फोन करीन. तू लिहिलेस, ‘कां ज स्वी आरिव्हे, ज व्हू तेलेफोनरे’, आणि ही मुलगी पोहोचली आहे की अजून पोहोचायची आहे, हे त्या बाईंना कळेना.

चूक कुठून आली ते उघड आहे. मराठीत ‘पोहोचले’ हे रूप भूतकाळाचे असूनही आपण ते उद्याच्या गोष्टीसाठी बेधडक वापरतो. पाऊस थांबला की निघू, भात झाला की पाने घेऊ, पगार झाला की पैसे देतो. यातला पाऊस अजून पडतो आहे, भात शिजायचा आहे आणि पगाराचे तर नावच नाही, तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण तो सगळा भार ‘की’ हा एवढासा शब्द उचलतो. फ्रेंचमध्ये ‘कां’ (म्हणजे ‘जेव्हा’) या शब्दाला असा भार पेलत नाही. तिथे उद्याच्या दोन्ही गोष्टी भविष्यकाळातच सांगाव्या लागतात आणि त्यांतली जी आधी पुरी होणार असेल ती ‘फ्युत्युर आंतेरिअर’मध्ये, म्हणजे आपल्या पूर्ण भविष्यकाळात, घालावी लागते. म्हणून तुझे वाक्य ‘कां ज सरे आरिव्हे, ज व्हू तेलेफोनरे’ असे हवे होते. ‘लोर्स्क’ (जेव्हा), ‘दे क’ आणि ‘ओसितो क’ (होताक्षणी), ‘आप्रे क’ (झाल्यानंतर) आणि ‘यून फ्वा क’ (एकदा का) यांच्या मागोमागही हेच लागू होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडणार असतील, तर मात्र साधा भविष्यकाळ पुरतो.

मी १९९१ साली रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गात हा काळ वहीत उतरवून घेतला होता, पण तो समजला कारखान्यात. फ्रान्सहून आलेल्या एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वाक्य होते, ‘यून फ्वा क व्हू-झोरे कूपे ल कूरां, उव्रे ल कापो’. मी त्याचे मराठी करून यंत्राशेजारच्या फळ्यावर लिहिले, ‘वीज बंद करून झाकण उघडावे’. आमचे एक वयस्क फिटर ते वाचून म्हणाले, “साहेब, ‘करून’ म्हटले की माणूस एका हाताने हे आणि दुसऱ्या हाताने ते करायला जाईल. ‘वीज बंद केल्यावरच’ असे लिहा.” त्यांना फ्रेंचचे एक अक्षर येत नव्हते, पण त्या वाक्यातल्या ‘व्हू-झोरे कूपे’चे काम काय, हे त्यांना माझ्या आधी उमगले होते. एक काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे तो काळ सांगत होता.

तू पुढे लिहितेस, की हा काळ मराठीत नसल्यामुळे तो तोंडी बसत नाही. हे मला मान्य नाही. ‘मी गेले असेन, तू गेली असशील, ती गेली असेल’ हे तू रोज बोलतेस, आणि त्याची घडण फ्रेंचसारखीच आहे: मुख्य क्रियापद पुरे झालेल्या रूपात आणि सहायक क्रियापद भविष्यात. फरक एवढाच, की आपल्याकडे ‘असणे’ हे एकच सहायक सगळीकडे चालते आणि फ्रेंचमध्ये ‘आव्ह्वार’ आणि ‘एत्र’ यांतून निवड करावी लागते. ‘एत्र’ म्हणजे नुसते असणे आणि ‘आव्ह्वार’ म्हणजे जवळ असणे. त्याला मराठीत क्रियापदच नाही, आपण ‘माझ्याकडे आहे’ म्हणून वेळ निभावतो.

‘आव्ह्वार’ची भविष्यरूपे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने अशी होतात: जोरे, त्यु ओरा, इल ओरा, नू-झोरों, व्हू-झोरे, इल-झोरों. ‘एत्र’ची: ज सरे, त्यु सरा, इल सरा, नू सरों, व्हू सरे, इल सरों. मोठ्याने म्हणून पाहा. लिहिताना सहा रूपे आहेत, पण कानाला तीनच ऐकू येतात. म्हणून बोलताना तुझी चूक झाकली जाते आणि परीक्षेच्या कागदावर ती उघडी पडते. ‘त्यु’च्या रूपाला शेवटी मुका एस लागतो आणि ‘इल’च्या एकवचनी रूपाला काहीच लागत नाही, ‘नू’च्या रूपाअखेर एन-एस येतात आणि अनेकवचनी ‘इल’च्या रूपाअखेर एन-टी. सर्वांत घातकी रूप ‘जोरे’चे. त्याच्या शेवटी तुझ्या हातून चुकून एस पडला, तर ‘मी केलेले असेन’चे ‘मी केले असते’ होऊन बसेल.

हे भविष्याचे प्रत्यय आले कुठून, हे मला फार उशिरा कळले आणि तेव्हापासून ते विसरले गेले नाहीत. लॅटिनमधून फ्रेंच घडताना बोलणाऱ्यांनी जुनी भविष्यरूपे टाकून दिली आणि मूळ क्रियापदाच्या मागे ‘आव्ह्वार’च्या पूर्वजाची वर्तमानरूपे जोडली. ‘मला गायचे आहे’ अशा घाटाच्या त्या जोडणीतून ‘मी गाईन’ हे रूप तयार झाले. म्हणजे ‘जोरे’ या शब्दात ‘आव्ह्वार’ दोनदा आहे, एकदा मूळ म्हणून आणि एकदा शेपटी म्हणून.

आता ‘एत्र’ कोणाला लावायचे? जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, राहणे, पडणे, परतणे, जन्मणे, मरणे, आणि झाडून सगळी ‘स’वाली (‘स्वतःला’ अशा अर्थाचा ‘स’ लागणारी) क्रियापदे, म्हणजे उठणे, आवरणे वगैरे. ही बहुतेक आपल्याकडे अकर्मक, म्हणून मी तुला ‘अकर्मकाला एत्र’ असे सांगितल्याचे आठवते. ते अर्धवट होते, कृपा करून विसर. हसणे, झोपणे आणि चालणे हीही अकर्मकच आहेत, पण ती ‘आव्ह्वार’च घेतात: एल ओरा दोर्मी, ती झोपली असेल. शिवाय चढण्या-उतरण्याला कर्म जोडले, की ‘एत्र’ सुटते. ‘एल सरा देसांद्यु’ म्हणजे ती उतरली असेल, पण जिन्याचे नाव घेतलेस, की ‘एल ओरा देसांद्यु लेस्कालिये’. मराठीत मात्र जिना असो वा नसो, ती ‘उतरली’च.

लिंगवचनाच्या बाबतीत तुझे मराठी तुला निम्मे अंतर फुकट नेऊन सोडते. ‘एत्र’ असेल, तर कृदन्त, म्हणजे मुख्य क्रियापदाचे ते पुरे झालेले रूप, कर्त्याप्रमाणे बदलते, जसे गेला असेल, गेली असेल, गेल्या असतील. तू मुलगी आहेस, म्हणून तुझ्या ‘आरिव्हे’ला शेवटी आणखी एक ई हवी, जरी ती ऐकू येत नसली तरी. ‘आव्ह्वार’ असेल, तेव्हा आपल्या कर्मणी प्रयोगासारखा कर्माचा विचार करायचा. तिने कागद लिहिला असेल, चिठ्ठी लिहिली असेल. मराठीत कर्म कुठेही बसले तरी क्रियापद त्याचे ऐकते. फ्रेंचमध्ये ते कर्म आधी येऊन गेले असेल तरच ऐकते. ‘एल ओरा एक्री ला लेत्र’ म्हणताना चिठ्ठी अजून यायची आहे, म्हणून ‘एक्री’. ‘ला लेत्र केल ओरा एक्रीत’ म्हणताना ती आधीच येऊन गेली आहे, म्हणून ‘एक्रीत’. हा विचित्र नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेच्या धर्तीवर पुरस्कारला, आणि फ्रान्समधली शाळकरी पोरे आजही त्याच्या नावाने बोटे मोडत असतील तर मला नवल वाटणार नाही.

नकार आणि ‘आधीच’सारखी अव्यये मुख्य कृदन्ताला न चिकटता सहायकाभोवती बसतात, ज नोरे पा फिनी (माझे संपलेले नसेल), जोरे देजा फिनी (माझे आधीच संपलेले असेल), याहून अधिक त्यात काही नाही.

‘जर’ अर्थाच्या ‘सी’पुढे मात्र हा काळ कधीही घालू नकोस. गंमत अशी, की तिथे तुझी मराठी सवय बरोबर ठरते. ‘काम झाले तर ये’ याचे फ्रेंच ‘सी त्यु आ फिनी, त्यु व्हियांद्रा’ असेच, म्हणजे पहिल्या भागात भूतकाळाचे रूप ठेवून, होते. मालकीणबाईंना लिहिताना ‘की’ऐवजी ‘तर’ म्हणायचे असते, तर तुझ्या वाक्याचा पहिला भाग निभावून गेला असता. पण मग खोली हवी की नको, अशी नवीच शंका त्यांना आली असती.

यापलीकडचे उपयोग शिकवावे लागत नाहीत. वेळ झाली तरी कोणी आले नाही, तर ‘इल ओरा मांके सों त्रें’, त्याची गाडी चुकली असेल. हा अंदाजाचा अर्थ आपल्या ‘असेल’शी तंतोतंत जुळतो, खरे तर मराठीत हे रूप बहुतेक वेळा त्याच कामाला येते, आणि म्हणूनच क्रम सांगताना ते तुला सुचत नाही. काही विपरीत दिसले, की फ्रेंच माणूस ‘ऑन ओरा तू व्ह्यु’ म्हणून हात वर करतो. शब्दशः अर्थ ‘सगळे पाहून झालेले असेल’. आपली आजी त्याच सुरात ‘आता एवढेच पाहायचे राहिले होते’ म्हणाली असती. हट्टी मुलाला आधी बजावावे, तरी त्याने ऐकू नये आणि मग ते तोंडघशी पडावे, तेव्हा ‘त्यु लोरा व्हूल्यु’ म्हणतात, शब्दशः ‘तुलाच ते हवे झाले असेल’. त्याचे मराठी तुला सांगायला नको, लहानपणी पुष्कळ ऐकले आहेस.

पुढच्या पत्रात पाच वाक्ये लिहून पाठव, सगळी ‘दे क’ने सुरू होणारी आणि तुझ्या खऱ्या दिनक्रमातली. पुस्तकातली चालणार नाहीत. आईने डिंकाचे लाडू पाठवले आहेत. हे पत्र तू वाचशील तोवर ‘ल कोली सरा आरिव्हे’, म्हणजे पार्सल पोहोचलेले असेल, आणि ‘कोली’ पुल्लिंगी असल्यामुळे इथे जादा ई नको. पार्सल पोहोचले नसेल, तर लगेच कळव, म्हणजे मी इथे चौकशी करीन.

तुझे
बाबा