आरोपानंतरच्या गदारोळापेक्षा आधीची नोंद महत्त्वाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या लोकप्रतिनिधीच्या वर्तनावर आक्षेप आला की त्याच्या बाजूने कोण बोलणार आणि विरोधात कोण, हे आरोपाचे स्वरूप कळण्याआधीच ठरलेले असते. एक बाजू सूडबुद्धीचा आरोप करते, दुसरी राजीनामा मागते आणि त्याने सभागृहात नेमके कोणाचे काम केले, हा मूळ प्रश्न मागे पडतो.

हे नेहमीच असे नव्हते. १९५१ मध्ये हंगामी संसदेतील काँग्रेसचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईतील सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचे प्रकरण पुढे आले, तेव्हा चौकशी समिती नेमण्याचा प्रस्ताव त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधान नेहरूंनी मांडला. मुद्गल यांना सभागृहात आपली बाजू मांडता आली आणि हकालपट्टीचा ठराव मंजूर होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांची सदस्यत्वे गेली. त्यांत एकाहून अधिक पक्षांचे लोक होते. सदस्याला काढून टाकण्याचा हा अधिकार संसदेला आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले.

८ डिसेंबर २०२३ रोजी मात्र हाच अधिकार ज्या पद्धतीने वापरला गेला, ती मला अस्वस्थ करते. तृणमूल काँग्रेसच्या लोकसभा खासदार महुआ मोइत्रा यांनी आपले संसदीय लॉगिन, म्हणजे सभागृहासाठीचे प्रश्न ऑनलाइन पाठवण्याचे खाते, एका उद्योजकाला वापरू दिल्याचे मान्य केले होते, प्रश्नांसाठी पैसे घेतल्याचे नाकारले होते. लॉगिन दुसऱ्याच्या हाती देणे ही किरकोळ चूक आहे, असे मी मुळीच मानत नाही. परंतु सदस्यांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लोकसभेच्या नैतिक आचरण समितीने सहा विरुद्ध चार मतांनी स्वीकारलेला जवळपास पाचशे पानांचा अहवाल ज्या दिवशी सभागृहात मांडला गेला, त्याच दिवशी काही तासांत त्यांचे सदस्यत्व रद्द झाले. वाचायला वेळ द्या, ही विरोधकांची विनंती मान्य झाली नाही आणि स्वतः मोइत्रा यांनाही सभागृहात बोलू दिले गेले नाही. दोष खरा असला तरी असा निकाल बहुमताचा वाटतो, न्यायाचा वाटत नाही.

म्हणूनच आरोप होण्याच्या आधीच्या व्यवस्थेकडे लक्ष द्यायला हवे. राज्यसभेची नैतिक आचरण समिती १९९७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण होते. त्या सभागृहात सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. मोबदला मिळणारे संचालकपद, नियमित उत्पन्नाचे अन्य काम, कंपनीवर नियंत्रण देणारे समभाग, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक करार ही माहिती सदस्याने त्यात द्यायची असते. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातून उमेदवाराकडे किती जमीन आणि किती सोने आहे, हे कळते. त्याला आज पैसे कोण देते, हे या नोंदवहीतून कळते, आणि मतदाराच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. मुद्गल यांच्या व्यवहारासारखा व्यवहार प्रतिज्ञापत्रात कधीच दिसला नसता.

लोकसभेत अशी नोंदवही अजून रूढ झालेली नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. ती लोकसभेत आणि आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही सुरू करावी, दरवर्षी अद्ययावत करावी आणि कोणत्याही नागरिकाला अर्जविनंती न करता वाचता यावी. तक्रारीची प्राथमिक चौकशीही सभागृहाबाहेरच्या, कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेल्या व्यक्तीकडे द्यावी. ब्रिटनच्या संसदेने १९९५ पासून त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला आहे. शिक्षेचा अंतिम निर्णय सभागृहाकडेच राहावा, मात्र अहवाल सदस्यांच्या हाती पडल्यावर मतदानापूर्वी काही दिवस जाऊ द्यावेत आणि आरोप झालेल्या सदस्याला बोलण्याचा हक्क नियमातच लिहून ठेवावा.

आपला,
एक नियमित वाचक