तक्रार: सिलिंगमधली मांजर माझी नाही, भिंतीतलं भोक तुमचं आहे

तुम्ही माझ्या घराचं जे रिनोव्हेशन केलंत त्याबद्दल आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा पाचवा फोन ठेवला, आता लेखीच देतेय म्हणजे पुन्हा "नोंद दिसत नाही मॅडम" ऐकायला नको.

बाथरूमचा उतार जाळीकडे न देता दाराकडे दिलाय, पॅसेजमध्ये पाणी येतं, चार टाइल्स नाण्याने वाजवल्या तर पोकळ वाजतात, हे सगळं फोटोंसकट आधीच्या मेलमध्ये आहे. आज फक्त फॉल्स सिलिंगबद्दल.

एक्झॉस्टसाठी बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग करून ६ इंचाचं भोक पाडलंत. फॅन आला नव्हता म्हणून पाइप नाही, जाळी नाही, साधा पत्र्याचा तुकडाही नाही, आणि खालून जिप्सम बोर्ड मारून पुट्टी रंग करून तुमची माणसं मोकळी झाली. त्या भोकातून भटकी मांजर आत गेली आणि सिलिंगवर व्याली. मी पहिल्याच फोनला सांगितलं होतं की वरून पिल्लांचा आवाज येतोय, आधी सिलिंग उघडा. आलेल्या माणसाने बाहेरूनच भोकात फोम मारला. मी जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले, अहो आत पिल्लं आहेत, तर म्हणे मला भोक बंद करायचीच ऑर्डर आहे.

मांजर तेव्हा बाहेर होती. इतक्या लहान पिल्लांना स्वतःची ऊबसुद्धा धरता येत नाही, दर दोन-तीन तासांनी आईचं दूध लागतं. ती वर ओरडतायत, आई खिडकीबाहेर ओरडतेय, आणि तुमचा इमर्जन्सी नंबर लागत नाही. रात्री अकराला शेजाऱ्यांनी शिडी आणली, स्पॉटलाइटचं होल करवतीने मोठं केलं आणि तीन पिल्लं काढली. तिन्ही जिवंत होती. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांचे. खोक्यात घालून खिडकीत ठेवली, पहाटे आई एकेकाला मानेला धरून घेऊन गेली.

बोर्ड कापल्यावर अजून एक दिसलं. लाइटच्या वायरी नुसती टेप गुंडाळून जोडल्यात, जंक्शन बॉक्स एकही नाही, एका जॉइंटची तांब्याची तार उघडी, आणि बाजूचा बोर्ड मुताने भिजून फुगलेला. पिल्लं त्या उघड्या तारेपासून वीतभर लांब होती. घरात माणसंही राहतात.

आणि आजचा फोन. तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, पाळीव प्राण्याने केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." म्हटलं मांजर माझी नाही. तर, "पण तुमच्या घरात होती ना?" म्हटलं तुम्ही ठेवलेल्या भोकातून आली. तर, "तुम्ही तिला खायला वगैरे घालत असाल, त्याशिवाय येत नाहीत." मग मला होल्डवर ठेवलं, परत येऊन सांगितलं की सिलिंग मी स्वतः कापलंय त्यामुळे आता वॉरंटीच रद्द, आणि सिस्टिममध्ये "पेट डॅमेज" टाकून तक्रार क्लोज केलीय. मी विचारलं, मग पिल्लांना आत मरू द्यायचं होतं का? म्हणाला, "त्यावर मी कमेंट करू शकत नाही." मला रडू आलं, खरं सांगते. दोन महिने घर उकरून ठेवलंत तेव्हा नाही आलं.

भोक तुमचं, फोम तुमचा, वायरी तुमच्या. मांजर माझी नाही.

सात दिवसांत इलेक्ट्रिशियन पाठवून सगळे जॉइंट्स बॉक्समध्ये घ्या, भिजलेला बोर्ड बदला, सिलिंगला तपासणीसाठी झाकण ठेवा आणि भोकाला पाइप आणि बाहेरून जाळी बसवा. बाथरूमचा उतारही. तोपर्यंत शेवटचा हप्ता मिळणार नाही, आणि आठव्या दिवशी मी कॉल्सच्या तारखा, फोटो आणि व्हिडिओ घेऊन ग्राहक आयोगात जाणार. तुमचं काम बघून मीच भावाला तुमचं नाव सुचवलं होतं, काल त्याला नको म्हणून सांगितलं.

आणि सिस्टिममधलं ते "पेट डॅमेज" काढून "एक्झॉस्टचं भोक उघडं ठेवलं" असं लिहा, आणि तसं लिहिल्याचं मला लेखी कळवा.