‘राशोमोन’ पाचवा होता, पहिला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘किनेमा जुन्पो’ या जपानी चित्रपट-मासिकावर चक्क अर्धं पान पाहून बरं वाटलं. पण ते वाचून होईपर्यंतच.

लेखकमहाशयांनी त्याला ‘साप्ताहिक’ करून टाकलंय. अहो, ‘जुन्पो’चा अर्थच दर दहा दिवसांनी निघणारं पत्र. तोक्योतल्या चार तंत्रविद्यार्थ्यांनी ११ जुलै १९१९ला चार पानी अंक काढला, तेव्हा १, ११ आणि २१ या त्याच्या तारखा होत्या. (आपल्याकडे दहा दिवस म्हटलं की गणपती तरी, नाहीतर सुतक. त्यामुळे चुकलं असेल, एक वेळ समजू शकतो.) आता ते महिन्याला निघतं, तरी नाव तेच आहे.

पण अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’ चित्रपटाला या मासिकाच्या समीक्षकांनी १९५० सालचा पहिला नंबर दिला, हे कुठून आणलंत? पहिला होता तादाशी इमाईंचा चित्रपट. कुरोसावा पाचवे. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याच ‘राशोमोन’ला सुवर्णसिंह हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि घरच्या परीक्षकांची पंचाईत झाली. १९५४ला कुरोसावांचाच ‘सेव्हन समुराई’सुद्धा तिसरा, वरचे दोन्ही नंबर दिग्दर्शक किनोशितांच्या चित्रपटांचे. हे मासिक मोठं आहे ते यासाठी. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक, आणि प्रत्येक परीक्षकाची यादी त्याच्या नावानिशी छापायची, हा त्यांचा रिवाज. कुणाचा अंदाज कुठे चुकला ते नातवंडांनीही काढून बघावं! तुमच्या लेखकाने ती चूक पुसून त्यांना उगाच शहाणं ठरवलं.

आणि १९६६? त्या साली परदेशी चित्रपटांत तिथे पहिला आला सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, ‘सिटिझन केन’ दुसरा. भारतातल्या वर्तमानपत्रात याला एक ओळ मिळू नये? हॉलिवूडच्या नट्यांचे दोन रंगीत फोटो मात्र मिळाले.

एवढा त्रागा कशासाठी, असं वाटेल. सांगतो. माझ्याकडे ‘रसरंग’ या मराठी सिनेसाप्ताहिकाचे बावीस बांधीव खंड होते. वडिलांनी जमवलेले, पाठीवर साल त्यांच्या हाताने शाईने लिहिलेलं. फ्लॅट लहान, सूनबाईंना धुळीची ॲलर्जी, म्हणून सहा वर्षांपूर्वी ते इथल्या एका वाचनालयाला दिले. रिक्षाचं भाडंही मीच दिलं. पावती आहे, शिक्क्यानिशी. गेल्या महिन्यात एका चित्रपटाची प्रदर्शनाची तारीख बघायला गेलो तर कपाटात स्पर्धा परीक्षांची गाइडं. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, ते रद्दीत गेलं. आता सगळं मोबाइलवर मिळतं.” बरं म्हटलं, दाखव. वीस मिनिटं तो बोट सरकवत होता. तारीख सापडली नाही. शेवटी मलाच म्हणाला, “एवढं काय अडलंय तुमचं?”

रद्दी किलोने किती गेली, हेसुद्धा त्यांच्या वहीत नव्हतं.

त्या जपान्यांनी १९२३चा भूकंप पाहिला. युद्धाच्या वेळी सरकारने मासिकं एकत्र करायला लावली तेव्हा १९४०ला अंक बंद पडला, १९४६ला पुन्हा काढला. आमच्या बावीस खंडांना ना भूकंप लागला ना युद्ध. कपाट रिकामं हवं होतं, एवढंच.

ता.क. मागच्या दिवाळीत मी शब्दकोड्याच्या चुकीच्या उत्तराबद्दल लिहिलं होतं. ते पत्र आपण निम्मं कापून छापलंत, आणि कापलेल्या निम्म्यातच बरोबर उत्तर होतं. हे पत्रही कापायचं झालं तर रसरंगचं कापा, हरकत नाही. ‘राशोमोन’ पाचवा, एवढं तेवढं राहू द्या. आणि चूकदुरुस्ती छापलीत तर कृपया निविदांच्या पानावर खाली कोपऱ्यात नको, भिंग लावावं लागतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे ३०