बाई, तुमचं खोडरबर माझ्याकडेच आहे

बाई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "जेवलीस का" विचारता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता काय कराल.

परवा पत्र आलं. फ्रान्समध्ये युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकवायची पर्मनंट जागा, आणि तीसुद्धा फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेचा सिनेमा, जो आमच्या पहिल्या गाइडसाहेबांनी "यात करिअर नाही, फ्रेंच सिनेमातल्या गोदारवर कर काहीतरी" म्हणून निकालात काढला होता. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्या फ्रेंचमधल्या थीसिसचा एक अख्खा चॅप्टर त्यांनी स्वतःच्या वाक्यांत लिहून परत पाठवला, वर शेरा, "आता फ्रेंच वाटतंय". पुढे सहा महिने मी एक ओळ लिहिली नाही.

मग मे महिन्यात पुण्याला आले तर तुम्ही म्हणालात, ठेवून जा ते कागद. शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर झालेल्या बाई, उस्मान सेम्बेन या सेनेगलच्या दिग्दर्शकाचं नाव तोवर ऐकलेलं नाही (तुम्हीच सांगितलंत, मी नाही म्हणत). पंधरा दिवसांनी फाइल मिळाली. ल चं ला, ला चं ल (फ्रेंच नामांची लिंगं हो), सगळं पेन्सिलीनं, इतक्या हलक्या हातानं की पान ट्यूबलाइटखाली तिरकं धरल्याशिवाय दिसेना. आणि फाइलच्या खिशात एक नवं कोरं नटराजचं खोडरबर. "पटलं नाही तर खोड, वाक्य तुझं आहे."

तुमच्या जिन्यातच बसून रडले मी.

कारण तो चॅप्टर होता कशावर? 'ला न्वार द...', सेम्बेनचा 1966 चा सिनेमा. सेनेगलमधल्या डकारच्या दिउआनाला मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्समध्ये आंतिबला नेतात आणि स्वयंपाक-धुणीभांडी करायला लावतात. मालकिणीपुढे ती "वी मादाम" (हो बाईसाहेब) च्या पलीकडे फारसं बोलत नाही, बाकी सगळं मनात, आणि तो मनातला आवाजसुद्धा त्या नटीचा नाही. पडद्यावर म्बिसिन तेरेझ दिओप, आवाज हैतीच्या तोतो बिसँतचा. एकीच्या तोंडी दुसरीचा आवाज, यावर मी पंचवीस पानं लिहिली आणि साहेबांनी नेमकी तीच पानं घेऊन... जाऊ दे. भल्याभल्यांना मदत करताना लाल पेन सोडवत नाही.

सांगायचं राहिलं, नऊ ठिकाणी मी तुमचं खरंच खोडलं. आठ ठिकाणी मी बरोबर होते. नववं व्हायव्हाला ज्युरीनं पकडलं.