तुझ्या पुस्तकांच्या नोंदवहीबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कोणाला कोणतं पुस्तक दिलं आणि ते परत आलं की नाही, याचा हिशेब ठेवणारं वेब ॲप्लिकेशन तू स्वतःच करणार, हे वाचून आनंद झाला. वेब ॲप्लिकेशन बनवायची तयार चौकट (फ्रेमवर्क) कोणती घ्यावी, जँगो, रेल्स की लाराव्हेल, असं विचारलंयस. तुला पायथन येते आणि जँगो पायथनमध्येच आहे, तेव्हा जँगो घे आणि हा विषय मिटव. तुझं काम तिन्हींत होईल. खरी मेख टेबलांत आहे.

तुझ्या कच्च्या आराखड्यात ‘पुस्तक’ हे एकच टेबल आहे आणि त्यात ‘कोणाकडे आहे’ असा कॉलम. दिसायला सुटसुटीत. पण पुस्तक परत आलं की तू तो कॉलम रिकामा करणार, आणि ते कोणाकडे होतं, किती दिवस होतं, सगळं त्याबरोबर पुसलं जाणार. शिवाय नाव हातानं टाइप करणार, म्हणजे एकच माणूस एकदा ‘मामा’ आणि एकदा पूर्ण नावानिशी नोंदला गेला की डेटाबेसच्या लेखी ती दोन माणसं. म्हणून तीन टेबलं कर: पुस्तक, व्यक्ती आणि देवघेव. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत पुस्तकाकडे आणि व्यक्तीकडे बोट दाखवणाऱ्या दोन फॉरेन की, दिल्याची तारीख आणि परतीची तारीख. बस्स.

परतीची तारीख रिकामी, म्हणजे पुस्तक बाहेर. त्यासाठी वेगळा हो-नाहीचा कॉलम ठेवू नकोस. आज ना उद्या तो एक सांगतो आणि तारीख दुसरंच. परतीच्या तारखेच्या फील्डला नल आणि ब्लँक दोन्ही ‘ट्रू’ दे. नल म्हणजे डेटाबेसमध्ये ते रिकामं राहू शकतं, ब्लँक म्हणजे फॉर्मच्या तपासणीत रिकामं चालतं. नवशिके हमखास एकच देतात आणि मग फॉर्म का अडतो म्हणून डोकं खाजवत बसतात.

फॉरेन कीला ऑन-डिलीट, म्हणजे जोडलेली नोंद काढली तर काय करायचं ते, सांगणं जँगो २.० पासून सक्तीचं आहे. सवयीनं कॅस्केड लिहिलंस तर एखादी व्यक्ती यादीतून काढताच तिच्या सगळ्या देवघेवी गायब. तू प्रोटेक्ट लिही. नोंदी आहेत तोवर जँगो ती व्यक्ती काढूच देणार नाही. आणि एकच पुस्तक एका वेळी दोघांकडे जाऊ नये, हे फक्त फॉर्ममध्ये तपासू नकोस. ‘परतीची तारीख रिकामी असेल तर पुस्तक एकदाच’ असं अटीसह युनिक कन्स्ट्रेंट (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) मॉडेलमध्येच, म्हणजे टेबलाचं वर्णन करणाऱ्या पायथन क्लासमध्येच, लिहिता येतं. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसना ते चालतं, मायएसक्यूएलला मात्र नाही. सुरुवातीला एसक्यूलाइटच ठेव. वेगळा सर्व्हर नको, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये.

मॉडेल्स लिहून झाली की मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट या आज्ञा चालव: पहिली टेबलांतल्या बदलांच्या (मायग्रेशनच्या) फाइल्स बनवते, दुसरी ते बदल डेटाबेसमध्ये करते. मायग्रेशनच्या फाइल्स गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) जायलाच हव्यात, तुझ्या टेबलांचा इतिहास त्यांतच असतो. मग मॉडेल्स ॲडमिनमध्ये (नोंदी भरायच्या जँगोच्या तयार पानांत) नोंदव, आणि एकही टेम्प्लेट (पानाचा साचा) न लिहिता नोंदी भरायला सुरुवात कर. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारांना प्रोग्रामरच्या मागे न लागता माहिती भरता यावी, ही तिथली रोजची गरज. ॲडमिन इतका तयार का मिळतो, ते यावरून कळेल. स्वतःच्या आठ-दहा खऱ्या नोंदी तिथे भरून बघ. आराखडा चुकला असेल तर तिथेच बोचेल.

यूआरएल, व्ह्यू (पानाच्या मागणीला उत्तर देणारा कोड), टेम्प्लेट हे अधिकृत ट्यूटोरियलमध्ये नीट दिलंय, मी उगाळत नाही. एकच सांगतो. बाहेर असलेल्या पुस्तकांच्या यादीत प्रत्येक ओळीला पुस्तकाचं आणि व्यक्तीचं नाव दाखवशील. अशा १०० देवघेवी असतील तर जँगो डेटाबेसला गुपचूप २०१ क्वेऱ्या (प्रश्न) करेल: यादीसाठी एक आणि प्रत्येक ओळीमागे दोन. सिलेक्ट-रिलेटेड या जँगोच्या मेथडमध्ये दोन्ही फॉरेन कींची नावं दिलीस की टेबलं जोडली जाऊन (जॉइन) एकाच क्वेरीत काम भागतं. जँगो डीबग टूलबार बसव, म्हणजे हा आकडा पानाशेजारीच दिसत राहील. लहान यादीत फरक जाणवत नाही, म्हणून तर हे लपून राहतं.

‘परत आलं’चं बटण साधी लिंक म्हणून करू नकोस. लिंक म्हणजे गेट, पान नुसतं मागणारी विनंती, आणि गेटनं डेटा बदलता कामा नये. ब्राउझर किंवा एखादा बॉट ती लिंक नुसती उघडून बघेल आणि तुझी पुस्तकं न येताच जमा होतील! पोस्टचा (डेटा पाठवणाऱ्या विनंतीचा) फॉर्म कर, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुझ्याच साइटवरून आला याची खूण) टाक, आणि काम झालं की दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट कर, म्हणजे पान रिफ्रेश केल्यावर तोच फॉर्म पुन्हा जाणार नाही. शोधासाठी जँगोचं फिल्टरच वापर. एसक्यूएलचं (डेटाबेसच्या भाषेचं) वाक्य स्ट्रिंग जोडून बनवायचा मोह झाला तर आवर, कारण एसक्यूएल इंजेक्शनला (कोणीतरी आपलंच एसक्यूएल आत घुसवण्याला) तिथूनच वाट मिळते. इंटरनेटवर चढवताना डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद आणि सीक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली) कोडच्या बाहेर. तेव्हाचं तेव्हा बोलू.

टेम्प्लेटला हात लावण्याआधी मॉडेल्सची फाइल मला पाठव. आणि एक कळव: तुझ्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन-दोन प्रती आहेत का? असतील तर ‘प्रत’ हे चौथं टेबल लागेल आणि देवघेव पुस्तकाऐवजी प्रतीला जोडावी लागेल. हा बदल आत्ता दोन ओळींचा आहे, नोंदी भरल्यावर नसेल.

तुझा,
अविनाश