डिस्कसच्या टाकीत औषधाआधी पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या मत्स्यालयावर लेख आला होता. डिस्कस माशांचे फोटो फारच सुंदर छापले होते. पण लेखात एक वाक्य आहे, त्यासाठी हे पत्र. 'दर दोन महिन्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, ताजे पाणी भरावे व औषध टाकावे.' हे वाचून कुणी खरंच तसं केलं, तर त्याचे मासे आठवडाभरात जातील.

मी लातूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. बोअरचे सबमर्सिबल पंप उघडणं हे माझं रोजचं काम. आठशे फुटांवरून काढलेला पंप खोलला की इंपेलरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या चाकावर, चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. नखानं निघत नाही, खरवडून काढावा लागतो. याच पाण्यात आमच्या घरी तुरीची डाळ शिजत नाही. लातूर म्हणजे डाळीचं गाव, अन् डाळ शिजवायला फिल्टरचं पाणी घ्यावं लागतं! त्याच पाण्यात आपण ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आणून सोडतो.

या माशाची पहिली शास्त्रीय नोंद ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८४० मध्ये केली. तो रिओ निग्रोतला मासा. रिओ निग्रो म्हणजे काळी नदी. कुजलेल्या पानांमुळे तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, आम्लधर्मी असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. आपल्याकडे विकले जाणारे डिस्कस बहुतेक माणसानं टाकीत वाढवलेले, त्यामुळे थोडं जड, म्हणजे क्षाराचं, पाणी ते सोसतात. आज एक पाणी आणि उद्या दुसरं, हे मात्र त्यांना सोसत नाही.

मला हे तीन मासे गमावून कळलं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचा बोअर आटला, टँकर मागवला. टाकीतलं पाणी काढलेलं होतं, मी घाईत टँकरच्या सहा बादल्या सरळ ओतल्या. पाण्यात ब्लीचिंग पावडर होती. टँकरवाल्याची काही चूक नाही, पिण्याच्या पाण्यात ती टाकावीच लागते. ओतण्याआधी बादलीशी नाक नेलं असतं तरी वास आला असता. पाच-दहा मिनिटांत सगळे मासे वर आले, कल्ले धपापायला लागले. थोरल्या निळ्या मादीच्या अंगावर उभे काळे पट्टे उमटले, मग ती पूर्ण काळवंडली आणि काचेला टेकून आडवी झाली. डिस्कस घाबरला किंवा आजारी पडला की असे पट्टे उमटतात, हे मी तोवर ऐकून होतो. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून टाकीत जाणारं पाणी आधी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये एक दिवस ठेवतो आणि त्यात हवेचा पंप सोडतो. क्लोरीन उडून जातो. बोअरचं पाणी असेल तरी हे करावंच, कारण खोलातून आलेल्या पाण्यात वायू विरघळलेले असतात आणि ते निघून जाईपर्यंत पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप, बदलत राहतो.

आता टाकी धुण्याबद्दल. फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, हे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिली दोन्ही विषं आहेत, टाकीत शून्यच असली पाहिजेत. तिसरं, म्हणजे नायट्रेट, पाणी बदलून कमी ठेवता येतं. टाकी घासूनपुसून काढली, स्पंज नळाखाली धुतला, की ही वस्ती मरते आणि अमोनिया साचू लागतो. आपल्या भागात तर दुहेरी धोका. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. बोअरचं पाणी अल्कधर्मी आणि डिस्कसला लागतं २८ ते ३० अंश. म्हणून मी टाकी कधीच रिकामी करत नाही. आठवड्यातून दोनदा चौथाई पाणी बदलतो आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळून घेतो.

लाइट गेल्यावर काय करायचं, हे लेखात यायला हवं होतं. स्पंजला हवा मिळाली नाही तर त्यातले जिवाणू गुदमरतात, आणि गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. इन्व्हर्टरवर हवेचा पंप लावा, तो पाच वॅटसुद्धा खात नाही. हीटर इन्व्हर्टरवर नको. माझी टाकी चार फूट लांब, दीड रुंद, दोन फूट उंच, म्हणजे साधारण ३४० लिटरची. तिला एक मोठा हीटर लावण्याऐवजी मी दीडशे वॅटचे दोन लावले आहेत. एखाद्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर हीटर बंद करणारा स्विच, चिकटला तरी मासे उकडून निघत नाहीत, अन् थंडीत एक बंद पडला तर दुसरा रात्र काढतो. पाणी बदलताना हीटरचा प्लग काढायचाच. उघडा पडलेला गरम हीटर पाणी लागताच तडकतो.

औषधांची गरज पडत नाही असं नाही. मासा खायचा थांबला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबायला लागली, कपाळावर खड्डे पडले, तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यावी. त्यावर मेट्रोनिडॅझोल लागू पडतं. एकाच बाजूचा कल्ला हलत असेल तर कल्ल्यातली कृमी असू शकते. पण नुसता काळवंडून कोपऱ्यात उभा राहणारा मासा बहुतेक वेळा पाण्याचीच तक्रार करत असतो. मासे आजारी पडले म्हणून माझ्याकडे येणारे लोक आधी औषधाची बाटली आणतात, अमोनिया तपासायचा किट कुणाकडेच नसतो. नवीन मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवला असता तर अर्धी औषधं लागलीच नसती.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या डिस्कसच्या जोडीनं बोअरच्या पाण्यात तीनदा अंडी घातली, तिन्ही वेळा ती पांढरी पडली. मागच्या पावसाळ्यात पहिल्या चार सरी वाहू दिल्या, मग स्लॅबवरचं पाणी ड्रममध्ये धरलं आणि निम्मं-निम्मं मिसळून थोडं थोडं टाकीत दिलं. उपड्या कुंडीवर घातलेली अंडी या वेळी तिसऱ्या दिवशी वळवळली. पोहायला लागल्यावर पिलं आईच्या अंगाला चिकटली. डिस्कसची पिलं आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. आई दमली की अंगाला एक झटका देते, की सगळी पिलं बापाकडे! माझी बायको दुपारचं जेवण ताटात तसंच ठेवून बघत बसली होती.

गल्लीत विचारतात, माणसाला पाणी नाही अन् माशांचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी टाकी कोरडी करून माळ्यावर टाकली होती. आज आठवड्याला काढलेलं दीड-पावणेदोनशे लिटर पाणी लिंबाला आणि कढीपत्त्याला जातं, एक तांब्याही गटारात जात नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे, की ज्याच्या घरी एवढं पाणी साठवायची सोय नाही त्यानं डिस्कस घेऊ नये, गप्पी ठेवावेत. डिस्कस सहापेक्षा कमी ठेवले तर दुबळ्याला बाकीचे मारतात, म्हणजे छोट्या टाकीत दोन ठेवून भागवू हेही चालत नाही.

तेव्हा येत्या रविवारी ते वाक्य दुरुस्त करून छापावं, ही विनंती. सुट्ट्या लागल्या आहेत, लेकरं हट्ट धरतील. घ्यायचेच असतील तर पाऊस पडून ड्रम भरेपर्यंत थांबा, एवढंही त्यासोबत छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, लातूर