लडाखात पुग्याला गेलेल्या लेकीस

कराड,
14 जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इथे वाफेच्या विजेसाठी घेतलेल्या बोअरमधून जिथे खडकाची कांडी, कोअर, आलीच नाही, तो दीड मीटर 'सलग खडक' म्हणून लिहा म्हणतात साहेब, काम अडतंय." तेवढ्यात रेंज गेली. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. हे फोनवर बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या सड्यावर पवनचक्क्या यायला लागल्या तेव्हा तू पाळण्यात होतीस. त्याआधी मी गावोगाव विहिरी-बोअरच्या जागा दाखवायचो. वाऱ्यावर वीज होते म्हटल्यावर मी वेडाच झालो होतो. पावसाळ्याच्या तोंडाला सड्यावर नकाशा उघडायचा तर जीपच्या आडोशाला बसून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागायचे, तरी कधी कंटाळा आला नाही.

सड्यावर वरून जांभा दिसतो. टणक, कुदळ ठणकते त्याच्यावर. पण जांभा म्हणजे लाखो वर्षं पावसाने धुऊन निघालेला बेसॉल्टच. वरचं कवच घट्ट, आणि त्याखाली बऱ्याचदा तांबडी-पांढुरकी चिकण माती, भिजली की लोण्यासारखी. पवनचक्कीचा पाया त्यातच बसतो. वारा वर पात्यांना ढकलतो आणि खाली पाया एका बाजूने उचलला जातो, एका बाजूने दाबला जातो. दिवसरात्र, वीस-वीस वर्षं.

एका ठिकाणी दीड मीटरचा रन काढला, म्हणजे एका दमात तेवढं भोक पाडलं, आणि पेटीत आली वीतभर कोअर. बाकीचं पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. बोअरमधून परत येणारं पाणी लाल होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मे संपत आला होता, कंत्राटदाराला पावसाआधी पाया भरायचा होता, दुसरं बोअर घ्यायला वेळ नाही म्हणाला. मी 'झिजलेला बेसॉल्ट' असं लिहिलं आणि सही केली.

वळवाच्या पहिल्या पावसात खड्ड्याची एक बाजू ढासळली. आत लोखंड बांधणारा एक पोरगा होता. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. साताऱ्याला त्याला भेटायला गेलो तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" त्याला ठाऊकच नव्हतं माझी सही कुठे आहे ते. त्यानंतर मी लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, 'कोअर लॉस', इथे कोअर आली नाही, असं लिहायला कधी कचरलो नाही. दोन कामं त्यापायी गेली. ते वर्ष तुझ्या आईने शिवणकाम करून काढलं, हेही तुला माहीत नसेल.

तू हा पेशा धरलास तेव्हा मी खूश झालो, आणि भ्यायलोही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आजीने मला घोंगडीत गुंडाळून बाहेर काढलं आणि मागे आमची पडवी बसली. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. मोठी माणसं म्हणायची, धरणाने केलं. कॉलेजात गेल्यावर कळलं की शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाचं पाणी आणि इथले भूकंप यांचा संबंध शास्त्रज्ञही मानतात. त्या कोयनेची आज 1,960 मेगावॅट वीज आहे, आणि मला तिचा अभिमानही आहे. पण पाण्याची असो, वाऱ्याची असो, वीज घ्यायची तर खालच्या खडकाला विचारावं लागतं, हे मी पुस्तकाआधी अंगणात शिकलो. त्याच भूकंपांच्या अभ्यासासाठी 2017 पर्यंत कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. आयुष्यभर मी त्या बेसॉल्टची वरची साल खरवडत होतो!

तुला राजापूरच्या उन्हाळ्यावर, गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं होतं, आठवतं? सहा वर्षांची होतीस. हात घालून पटकन काढलास आणि विचारलंस, "खाली चूल कोण पेटवतं?" मी म्हणालो, कोणी नाही. पावसाचंच पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. आता तू त्या भेगाच शोधतेस. इटलीत लार्देरेल्लोला 1904 साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले होते. आपल्याकडे ते पुग्याला व्हावं, आणि त्यात तुझा हात असावा, याहून मोठं मला काही नको.

म्हणूनच सांगतो, भूऔष्णिक बोअरमध्ये कोअर न येणं ही वाईटच बातमी असते असं नाही. कदाचित तिथेच भेग आहे, तिथूनच गरम पाणी येतंय. बोअरमध्ये सोडलेलं पाणी किती गेलं, ड्रिल किती वेगाने खाली उतरलं, बोअरमधून परत आलेला चिखल किती अंशांनी तापून आला, हे सगळं त्या दीड मीटरसमोर लिही. 'सलग खडक' लिहिलंस तर ज्यासाठी तिथे गेलीस तेच हरवेल. साहेब ऐकत नसतील तर भांडू नकोस, तुझा लॉग तसाच ठेव, तारीख घाल, सही कर. त्यांना वेगळं लिहायचं असेल तर त्यांनी त्यांच्या सहीने लिहावं. नोकरी गेली तर घर आहे.

आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे. तिथे पाणी 85 अंशांनाच उकळतं म्हणे, भात नीट शिजतो का विचारतेय. कुकर आहे ना? पार्सलमध्ये माझं जुनं भिंगही ठेवलंय, दोरी नवी लावली आहे.

त्या पेटीचा फोटो पाठव. कोअर ओली करून काढ, आणि शेजारी पट्टी ठेवायला विसरू नकोस.

तुझे,
बाबा